आवजो म्हणायची खोड

१

जहाजाच्या सफरीला निघताना चार गोष्टी न्यायलाच हव्यात. पुस्तकातलं सांगत नाही, आमच्या नऊ सफरी झाल्यात. कपडे वाळत घालायचे चिमटे न्यावेत. दोन-चार चुंबकं न्यावीत, कारण खोलीच्या भिंती लोखंडी असतात आणि रोजच्या कार्यक्रमाचे कागद अडकवायला दुसरी सोय नसते. आलेपाक न्यावा, जहाज डोलायला लागलं की एक वडी तोंडात टाकायची, पोट ठिकाणावर राहतं. चौथी गोष्ट आत्ता काही केल्या आठवत नाही. आठवली की सांगते.

मी दुर्गा मोहिते. बडोद्याच्या दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मी गृहविज्ञान शिकवलं. स्वयंपाक शिकवायचेच, पण माझा खरा जीव घड्यांमध्ये. चादर मधून बाहेर कशी ताणायची, कोपरा पाकिटासारखा कसा दुमडायचा, शर्टाची बाही कुठे जायला हवी, हे बडोद्यातल्या दोन-अडीच हजार मुलींना तरी मी शिकवलंय. त्यांच्या सासवांनी मला अजून शिव्या दिलेल्या ऐकिवात नाहीत.

आणि अशा बाईला देवाने नवरा दिला फत्तेसिंहराव. ह्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, म्हणे बुटात तोंड दिसायचं. नातू कसा, तर अंघोळ झाली की ओला पंचा पलंगावर भिरकावणार. चव्वेचाळीस वर्षं रोज मी ओरडायचे आणि रोज पंचा तिथेच. जहाजावर लोण्यासारखे मऊ टॉवेल देतात, पण ह्यांना तांबड्या काठाचा आपला पंचाच लागायचा. तोही तिथल्या गुळगुळीत पलंगावर ओलाच पडायचा.

मला जहाज आवडतं ते खोलीसाठी. समुद्र काय, सगळीकडे सारखाच. पण आपण चहा प्यायला वर जावं, अर्ध्या तासात परत यावं, आणि कुणीतरी सगळं आवरून गेलेलं असावं! अहो, जन्मात माझा पलंग दुसऱ्या कुणी घातला असेल तर तो जहाजावरच. खोली आवरणारा माणूस आपण आत असताना कधी येत नाही. बाहेर त्याच्या गाडीचं चाक कुरकुरतं, दारावर दोनदा टकटक होते, आत कुणी नाही असं कळलं की मगच तो शिरतो. प्रत्येक सफरीत मी त्या माणसाला गाठून एकतरी घडी शिकून घ्यायची. गोव्याच्या एकाने टॉवेलचा हंस शिकवला, मनिलाच्या एकाने ससा.

२

नववी सफर सिंगापूरहून होती, सात दिवसांची. त्याआधीच्या वर्षी ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट घातले होते. डॉक्टर म्हणाले, "काका, फिरा, पण बेताने." हे फिरायला लागले, आणि बेत सगळा माझ्या गळ्यात पडला. मूलबाळ नाही आम्हाला. ह्या माणसाच्या आधी मी जावं, आणि ते जमत नसेल तर दोघांनी बरोबर जावं, एवढंच मी देवाजवळ मागत होते. हे माझ्या आधी गेले तर मी त्या घरात काय करणार होते? कुणावर ओरडणार होते?

खोलीत टेबलावर नेहमी एक कार्ड असतं: 'आपल्या सेवेस अमुक अमुक.' ह्या वेळी कार्ड होतं, त्यावर फुलांची वेलबुट्टी होती, पण नावाच्या जागी काही नव्हतं. छापायचं राहिलं असेल म्हणून मी कार्ड बाजूला ठेवलं.

पण काम! असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. चादरीवर हात फिरवला तर सुरकुती सोडाच, शिवणसुद्धा बोटाला लागेना. पाकीट-कोपरा इतका धारदार की मी त्याला पट्टी लावून पाहिली. ह्यांचा विस्कटलेला पेपरसुद्धा कोरा वाटावा असा घडी केलेला. एका संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा हत्ती बसलेला आणि त्याच्या डोळ्यांवर ह्यांचा चष्मा. आम्ही पोट धरून हसलो. मी तो हत्ती दोनदा सोडवून पाहिला, पण पुन्हा काही मला तो घडवता आला नाही.

माणूस मात्र दिसला नाही. मी वाटेत उभी राहिले, लवकर परतले, एकदा तर चप्पल विसरल्याचं नाटक करून मागे फिरले. चाक कुरकुरलेलं ऐकू यायचं. वळणापलीकडे जाऊन पाहावं तर लांबलचक गालिचा आणि बंद दारं.

शेवटच्या संध्याकाळी जहाजावर एक रीत असते. उतरणाऱ्यांनी आपल्या बॅगा भरून, त्यांना नंबराची पट्टी बांधून दाराबाहेर ठेवायच्या. त्या कोण नेतं ते दिसत नाही. सकाळी बंदरावर आपल्याआधी पोचलेल्या असतात. आम्हीही ठेवल्या. सकाळी निघताना उशीवर मी ओलसर लिलो चिवड्याचं एक पाकीट ठेवलं, बडोद्याहून खास त्याच्यासाठी आणलेलं, आणि रिकाम्या खोलीकडे बघून म्हणाले, "आवजो हं भाऊ. बडोद्याला आवजो."

हे दारातच हसायला लागले. "अगं, निघतोय आपण! निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं. आवजो म्हणजे 'या'. कुणाला बोलावलंस?"

ही माझी जुनी खोड. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. गुजरातीत निरोप देणारा म्हणतो 'आवजो', पुन्हा या. साठ वर्षं बडोद्यात काढली की कुठे काय म्हणायचं ह्याची खिचडी होते; मी भाजीवाल्याला, टपालवाल्याला, टेलिफोनवरच्या राँग नंबरलासुद्धा आवजो म्हणते. आणि मी आवजो म्हटलं की हे आतून मुद्दाम ओरडायचे, "येतो गं!" आमचा चाळीस वर्षांचा चावट खेळ तो.

३

सफरीवरून घरी आलं की दोन-तीन दिवस जमीन डोलते. नवख्यांना भीती वाटते, मला गंमत वाटते. ह्या वेळी आठवडा झाला तरी ओट्याशी उभं राहिलं की पायाखालचं हळूच उचललं जायचं. वय झालं, असं म्हणून मी सोडून दिलं.

आठव्या दिवशी उशीचे अभ्रे बदलताना माझ्या उशीखाली चिवड्याचं पाकीट मिळालं. रिकामं. धुऊन, पुसून, चौकोनी घडी करून ठेवलेलं. चौकोन इतका नेमका की मी तो हातात धरून बराच वेळ नुसती बघत राहिले.

मग डोकं चालवलं. पाकिटं दोन नेली होती. एक आपण विमानतळावर खाल्लं असेल, आणि माझ्याच हातांनी सवयीने घडी घातली असेल. बरोबर आहे. पण मी चौकोनी घडी घालत नाही, तिकोनी घालते. एकतीस वर्षं तिकोनीच शिकवलीय.

त्याच दुपारी आम्ही दोघं बँकेत जाऊन आलो. कुलूप उघडून मी आत आले आणि दारातच थबकले. पलंग घातलेला होता. ओला पंचा पलंगावर नव्हता. दांडीवर, काठाला काठ लावून वाळत होता. ह्यांच्या चपला भिंतीशी जोडीने उभ्या.

"वा!" हे म्हणाले. "बाईसाहेब, आज फारच हौस आली होती वाटतं."

"मी नाही केलं हे."

"मग मी केलं असेल," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. ह्यांनी पंचा दांडीवर घातला असेल! त्यापेक्षा सूरसागर तळ्यात देवमासा आलाय म्हटलं तर मी विश्वास ठेवीन.

४

आता खरं सांगू का? सुरुवातीला मला आवडलं. लाज वाटते, पण आवडलं. आम्ही बाहेर पडायचो, परत यायचो, आणि घर माझ्या हातून कधी झालं नाही इतकं सुंदर झालेलं असायचं. डाळींचे डबे उंचीप्रमाणे. माझ्या साड्या रंगाने लावलेल्या, निऱ्या न मोडता. मी कपाट उघडून उभी राहायची आणि मनातल्या मनात शंभरपैकी शंभर द्यायची. कुलूप बदललं, तरी तेच. चोर असता तर काही नेलं असतं. इथे उलट हरवलेला अडकित्ता सापडला.

मग शेजारच्या नयनाबेन एकदा जिन्यात भेटल्या. "दुर्गाबेन, तमारो माणस बहु सारो छे हों! केटलो चोख्खो! मला पण पाठवा ना."

"कुठला माणूस?"

"तो सफेद कपडावाळा. तुम्ही बाहेर गया के आवे छे. हमणां पाहिला ने, तुमच्या दारासमोर उभा होता, पाठ करून. मी केम छो म्हटलं, तर जवाब नथी आप्यो." दोन पायऱ्या उतरून त्या वळल्या. "एनी गाडीला जरा तेल घाला. चाक किती ओरडतं!"

मी जिन्याचा कठडा धरला. पायाखाली जमीन पुन्हा डोलली.

वर आले तर हे बाल्कनीत पेपर वाचत होते, सकाळपासून घरातच. मला हायसं वाटलं. झोपायच्या खोलीत गेले. पलंगावर ह्यांच्या पंच्याचा हत्ती बसला होता, डोळ्यांवर चष्मा. हे घरात असताना तो आत आला होता. आणि हे बाल्कनीत चष्म्याशिवाय पेपर धरून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "चष्मा? डोळ्यांवरच आहे की."

५

दुसऱ्या दिवशी मी दूध घ्यायला दार उघडलं आणि बाहेर बॅग होती.

ह्यांची निळी बॅग. ती माळ्यावर असते, सगळ्यात मागे. दाराच्या उजव्या हाताला, भिंतीला समांतर, मूठ वर काढून ठेवलेली, जशी शेवटच्या संध्याकाळी ठेवतात तशी. मुठीला नंबराची पट्टी. नंबर होता एक.

मी ती आत ओढली आणि मोरीत नेऊन, दार लावून उघडली. ह्यांचे चार शर्ट, बाह्या मागे. दाढीचं सामान. गोळ्यांची डबी, सोमवार ते रविवार, सगळे कप्पे रिकामे. लग्नातला फेटा, चव्वेचाळीस वर्षांनी इस्त्री केलेला. सगळं ह्यांचंच. माझा एक हातरुमालसुद्धा नाही.

आणि तशातही मी पाहिलं की फेट्याची घडी अप्रतिम होती.

मी सगळं उपसलं, कपाटात कोंबलं, बॅग माळ्यावर फेकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाहेर होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ह्यांना काय सांगणार? "अहो, तुमची बॅग भरलीय" म्हणून?

६

उपाय मला फ्रिजवर सापडला. प्रत्येक जहाजावरून मी एक आठवण आणते, आणि त्या जहाजावरून दाराला अडकवायची पाटी आणली होती. एका बाजूने हिरवी: खोली आवरा. दुसऱ्या बाजूने लाल: त्रास देऊ नका. त्या लोकांची शिस्त कडक असते. लाल पाटी दिसली तर आग लागली तरी आत यायचे नाहीत.

आमच्या बाहेरच्या जाळीच्या लोखंडी दाराला मी ती पाटी चुंबकाने लावली. लाल बाजू बाहेर.

आणि काय सांगू, थांबलं! नऊ दिवस बॅग नाही, घडी नाही. चाक संध्याकाळी जिन्याशी कुरकुरायचं, दारापर्यंत यायचं, थांबायचं आणि मागे जायचं. घर भराभर घाण झालं. पेपराची पानं खुर्चीखाली, चहाचे कप खिडकीत, भुईमुगाची टरफलं सोफ्यात. हे खूश. "दुर्गे, तू सुधारलीस!" म्हणाले. चौथ्या दिवशी अंघोळ करून आले आणि ओला पंचा माझ्या धुतलेल्या चादरीवर भिरकावला. मी तो उचलला आणि तोंडाशी धरला. ओला, गार, चंदनाच्या साबणाचा वास. मला रडू आलं.

"अगं, एवढं काय? उचलतो, उचलतो," हे घाबरून म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं. "रोज टाका."

७

दहाव्या दिवशी दुपारी तीनला नयनाबेन गरम हांडव्याची थाळी घेऊन आल्या. हे आत झोपले होते. मी जाळीचं दार पूर्ण मागे लोटलं, थाळी घेतली, दोघी दोन शब्द बोललो. त्या वळल्या. आणि माझ्या तोंडून सवयीने, मोठ्याने, अगदी प्रेमाने गेलं, "आवजो हं!"

त्याच क्षणी मला दिसलं की दार मागे लोटल्यावर पाटी भिंतीकडे तोंड करून दडली होती. नयनाबेन आपल्या घरात गेल्या, त्यांचं दार लागलं. समोर रिकामा व्हरांडा. आणि माझ्या अगदी जवळून, उजवीकडून डावीकडे, चाक कुरकुरत आत गेलं.

मी उभीच. कान आतल्या खोलीकडे. आता हे म्हणतील, "येतो गं!" झोपेत असले तरी म्हणतात.

आतून ह्यांचा आवाज आला. जागा, स्वच्छ, अगदी सौजन्याचा, परक्या माणसाशी बोलावं तसा.

"जातो गं."

थाळी माझ्या हातून पडली. मी धावले. खोलीचं दार लोटलेलं होतं, चार बोटांची फट होती. त्या फटीतून कपाटाचा आरसा दिसतो आणि आरशात पलंगाची एक बाजू. मी पाहिलं ते एवढंच: पांढरी कडक बाही कोपरापर्यंत, आणि ह्यांच्या छातीवरच्या चादरीवरून फिरणारा एक तळवा. मधून बाहेर. मी शिकवायची तसा, पण माझ्याहून कितीतरी हळुवार. हात पलंगाच्या टोकाला गेला, कोपरा उचलला, दुमडला, दाबला. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते. काय सुरेख हात आहे, असा विचार आला.

मी दार ढकललं. खोलीत हे एकटेच होते. चादर गळ्यापर्यंत, एक सुरकुती नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. लोक म्हणाले, काय शांत चेहरा, जसं कुणी नीट निजवलंय.

८

ह्यांचा भाचा अविनाश पुण्याहून आला, सगळं केलं आणि म्हणाला, "मामी, इथे एकटी नको राहूस." मी म्हटलं, बघू.

तो गेल्यावर मी पाटी उलटी लावली. हिरवी बाजू बाहेर. भाजीला जाताना दाराशी उभी राहून रिकाम्या घराला आवजो म्हणायचे, मुद्दाम, मोठ्याने. परत यायचे तर पलंग मी सोडला तसाच. पंधरा दिवस झाले, वीस झाले. व्हरांड्यात चाक वाजेना. मला संताप यायला लागला. माझा माणूस न्यायला रोज येत होतास, आणि आता बोलावते तर वेळ नाही? चांगल्या कामाची अशी अर्धवट रीत असते होय?

आज सकाळी खंडेराव मार्केटातून आले. दाराबाहेर, उजव्या हाताला, भिंतीला समांतर, माझी तपकिरी बॅग.

बसून उघडली. साड्या रंगाने लावलेल्या. आलेपाकाचा डबा, चिमटे, चुंबकं. सगळ्या घड्या अशा की डोळ्यांचं पारणं फिटावं. आणि त्या सगळ्यांवर, इस्त्रीच्या साड्यांवर बेदरकार फेकलेला, बोळा झालेला, तांबड्या काठाचा पंचा.

हात लावला. ओला होता. चंदनाचा वास येत होता.

चौथी गोष्ट तीच. सफरीला निघताना ह्यांचा पंचा न्यावा, नाहीतर सातही दिवस कुरकुर ऐकावी लागते.

हा कागद फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवते, अविनाशला सापडेल. नयनाबेनची थाळी धुऊन ओट्यावर ठेवलीय, ती द्यावी. आत्ताच दारावर दोनदा टकटक झाली. ह्यांचं आयुष्यभर एकच सांगणं होतं, निघताना 'जाते' म्हणू नये. शेवटी स्वतःच चुकले. मी नाही चुकणार.

अहो, येते हं.